लोभाचा उत्तरार्ध

कथा रंगली की तिचा उत्तरार्ध केव्हा येणार, अशी विचारणा सुरू होते. रसिकांची ही उत्कंठा समजण्यासारखी आहे. परंतु ज्या कथेचा नायक दुसऱ्याच्या पैशावर डल्ला मारतो, तिच्या उत्तरार्धाची आपण इतक्या आतुरतेने वाट का पाहतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. मला तो विचारावा लागला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, डहाणूकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये.

गाडीने पालघर सोडले होते. समोरच्या बाकावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या तीन मित्रांसह बसला होता. चौघेही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, रात्रपाळीसाठी बोईसरला निघालेले. बोलण्याचा विषय होता 'स्कॅम २००३' ही नवी मालिका. मुद्रांक घोटाळ्यातील अब्दुल करीम तेलगीची ती कथा. ऑक्टोबर २०२० मध्ये हर्षद मेहतावरील 'स्कॅम १९९२' आली, तेव्हापासून जवळजवळ तीन वर्षे पुढील कथेची वाट पाहिली जात होती. मुलांची मात्र निराशा झाली होती. तेलगी त्यांना पसंत नव्हता. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, खोटे मुद्रांक छापून विकणारा हा माणूस त्यांच्या लेखी साधा चोर होता. हर्षदची गोष्टच वेगळी. तो हुशार, तो धाडसी, त्याने म्हणे व्यवस्थेला वाकवले! एकाच्या मोबाइलवर त्या पहिल्या मालिकेचे शीर्षकसंगीत वाजत होते.

मला राहवले नाही. आमच्या त्या मुलाला मी विचारले, "अरे, त्या कथेत पैसे बुडाले कुणाचे?"

तो क्षणभर थांबला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "बँकेचे बुडाले ना, अंकल. लोकांचे कुठे?"

उमरोळी आले, बोईसर आले, मुले उतरून गेली. ते वाक्य मात्र माझ्या मनातून उतरले नाही. दहा भागांची मालिका पाहून एका सुशिक्षित तरुणाने काढलेला हा निष्कर्ष आहे. तो चुकीचा आहे, एवढेच सांगून भागणार नाही. तो त्याच्या मनात कुणी रुजवला, हे पाहिले पाहिजे. माझा आरोप असा आहे की, लोभाच्या या पडद्यावरील कथा इशारा म्हणून विकल्या जातात आणि आमंत्रण म्हणून पाहिल्या जातात. याचे कारण एकच. घेणाऱ्याचे सारे आयुष्य त्यात दिसते, पण ज्याचे गेले त्याच्यासाठी त्यात एक खुर्चीही मांडलेली नसते.

हा प्रकार आपल्याकडे नव्याने सुरू झाला असे नाही. मे १९८६ मध्ये आयव्हन बोस्की नावाच्या एका बड्या अमेरिकी सट्टेबाजाने बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या पदवीदान समारंभात लोभाची जाहीर भलामण केली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आतल्या गोटातील माहितीवर शेअरचे सौदे केल्याच्या प्रकरणात तो सापडला आणि १० कोटी डॉलर भरण्याचे त्याने मान्य केले. या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९८७ मध्ये ऑलिव्हर स्टोन या दिग्दर्शकाचा 'वॉल स्ट्रीट' हा चित्रपट आला. स्टोनचे वडील शेअर दलाल होते. त्यांच्याच स्मृतीला त्याने तो अर्पण केला. लोभाचा निषेध करावा, हाच त्याचा हेतू होता. परंतु मायकेल डग्लस या नटाने रंगवलेला गॉर्डन गेको लोभ ही चांगली गोष्ट आहे असे भर सभेत ठणकावून सांगतो, आणि प्रेक्षकांच्या ध्यानात राहिले ते तेवढेच. डग्लसला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. पुढे त्यानेच वेळोवेळी सांगितले आहे की, तुमच्यामुळे आम्ही या धंद्यात आलो, असे म्हणणारे लोक त्याला सतत भेटत राहिले. खलनायक म्हणून उभा केलेला माणूस एका पिढीचा गुरू झाला. अखेर २०१२ मध्ये डग्लसला अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या जाहिरातीत येऊन सांगावे लागले, की तो चित्रपट काल्पनिक होता, पण हा गुन्हा खरा आहे.

त्याच गेकोचा उत्तरार्ध २३ वर्षांनी, २०१० मध्ये आला. मधल्या काळात, सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य संस्था कोसळली होती आणि जगभर लाखो लोकांच्या नोकऱ्या आणि घरे गेली होती. आता तरी हिशेब मागितला जाईल, अशी अपेक्षा होती. झाले काय? तुरुंगातून सुटलेला गेको पोटच्या मुलीच्या नावे ठेवलेले १० कोटी डॉलर पळवतो, लंडनमध्ये त्यांचे १०० कोटींहून अधिक करतो, त्यातले १० कोटी मुलीच्या नावे एका नव्या ऊर्जेच्या प्रकल्पात गुंतवतो आणि नातवाच्या वाढदिवसाला कुटुंबात सामील होतो. शंभराहून दहा वजा केले की उरते किती, हे प्रेक्षकांनी विचारायचे नाही! आपण शुभवर्तमानातील जक्कयाची कथा ऐकत वाढलेली माणसे. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याची तयारी त्याने दाखवली, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि मग त्याच्या घरी आनंद झाला. येथे दहावा हिस्साही धड परत जात नाही आणि तरीही केक कापला जातो. शिवाय तो प्रकल्प अणुऊर्जेचा, अणूंच्या संमीलनातून वीज काढण्याचा! १९६९ पासून तारापूरच्या अणुभट्ट्यांच्या शेजारी राहणाऱ्या आणि पुढील विस्तारात अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठताना पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला एक प्रश्न नक्की सुचेल. त्या प्रकल्पाच्या शेजारी कोण राहते, हे चित्रपटात कुणी का विचारत नाही?

आता आपल्या मुलाच्या वाक्याकडे वळतो. "बँकेचे बुडाले, लोकांचे कुठे?"

१९९२ च्या घोटाळ्याची मेख नीट समजून घेतली तर या वाक्यातील फोलपणा कळतो. बँकांना सरकारी रोखे बाळगावे लागतात. एका बँकेला पैशांची तात्पुरती गरज पडली की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकी आणि ठरल्या दिवशी परत विकत घेई. रोखे प्रत्यक्ष हलवण्याऐवजी, तुमचे रोखे आमच्याकडे आहेत, अशी पावती दिली जाई. सौदा दलालामार्फत होई. या पावतीवर सारा विश्वास. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक या दोन छोट्या बँकांनी अशा पावत्या दिल्या, ज्यांच्या मागे रोखेच नव्हते. त्या कोऱ्या विश्वासावर मोठ्या बँकांचा पैसा बाहेर पडला, दलालांच्या खात्यात गेला आणि तेथून शेअर बाजारात ओतला गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काही महिन्यांत शेकड्यांतून ९ हजारांच्या घरात गेला. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली आणि फुगा फुटला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा ४ हजार कोटींच्या वर सांगितला. बँक ऑफ कराड त्याच वर्षी बंद पडली.

कराडच्या बँकेत कुणाचा पैसा होता? कृष्णाकाठच्या ऊस शेतकऱ्याचा, दुकानदाराचा, शिक्षकाचा. बँकेचा असा पैसा नसतो. भागभांडवलाचा थोडका हिस्सा सोडला तर बँकेच्या तिजोरीत असतो तो ठेवीदाराचा घाम. आणि वाढत्या भावाच्या लोभाने शेवटी शेवटी शेअर घेतलेले मध्यमवर्गीय? भाव कोसळले तेव्हा विकत घ्यायलाच कुणी उरले नव्हते. हर्षद मेहताचा शेवटही लक्षात ठेवावा असा आहे. ३१ डिसेंबर २००१ रोजी, कैदेत असताना, ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. ठाणे तेव्हा आपल्या जिल्ह्याचे ठिकाण होते. मालिकेतील वेगवान गाड्यांपेक्षा ती खाट आपल्याला अधिक जवळची आहे, पण तिचे संगीत कुणाच्या मोबाइलवर वाजत नाही.

बँकेचे म्हणजे लोकांचे, याची आठवण याच रेल्वेमार्गावरच्या माणसांना सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा झाली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि प्रथम ठेवीदाराला सहा महिन्यांसाठी अवघे १ हजार रुपये काढण्याची मुभा दिली. वसई-विरारकडे इमारती उभारणाऱ्या एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला सुमारे साडेसहा हजार कोटींची कर्जे दिलेली आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती उघडलेली! भाडेकरूचे डिपॉझिट, मुलीच्या लग्नाची पुंजी, सोसायटीचा दुरुस्ती निधी, सारे अडकले. २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवी परत मिळण्याची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबवली गेली. सत्तरीच्या ठेवीदाराने दहा वर्षे थांबायचे म्हणजे काय, यावर कुणी दहा भागांची मालिका काढलेली माझ्या पाहण्यात नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला असा की, 'स्कॅम १९९२' मध्ये सुचेता दलाल यांचीही मोठी भूमिका आहे आणि ती आदराने रंगवलेली आहे, मग मालिका एकतर्फी कशी? मान्य. हंसल मेहतांची ती निर्मिती मेहनतीची आहे, प्रतीक गांधींचा अभिनय उत्तम आहे. तरीही मी विचारतो, ती पाहून किती मुलांनी हिशेब तपासणारे पत्रकार व्हायचे ठरवले आणि किती मुलांनी शेअर दलालाकडे खाते उघडले? मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींवर गेली. हे मालिकेमुळे झाले असे मी म्हणत नाही. टाळेबंदी, स्वस्त मोबाइल, घरबसल्या खाते उघडण्याची सोय, ही खरी कारणे. पण एवढी नवखी माणसे दाराशी उभी असताना त्यांच्या कानावर कोणती गोष्ट पडली, याला महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच काही वडीलधाऱ्यांचा. शेअर बाजार म्हणजे जुगार, ख्रिस्ती माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे ते म्हणतात. हे मला पटत नाही. मी नोकरीची सारी वर्षे तारापूरच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. तो कारखाना कुणीतरी शेअर घेतले म्हणूनच उभा राहिला आणि त्यावर दोनशे घरे जगली. बचत करून, समजून, वर्षानुवर्षांसाठी एखाद्या उद्योगात पैसा घालणे हा जुगार नव्हे. तालांताच्या दाखल्यातील ज्या चाकराने पैसा जमिनीत पुरला, त्याची तेथे स्तुती केलेली नाही. परंतु निर्देशांक आज दुपारपर्यंत वर जाईल की खाली, यावर उसनवारीने पैज लावणे ही गुंतवणूक नाही. तिच्यातून एक वीटही उभी राहत नाही. फ्यूचर्स आणि ऑप्शन्स या भारदस्त नावांखाली आपल्या मुलांच्या हाती पडते ती बहुतेक वेळा ही पैज असते.

आणि या पैजेत जिंकते कोण? सेबी या बाजार नियंत्रक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत हा व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. २०२३-२४ मध्ये यांतील ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते आणि चारांपैकी तिघांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांहून कमी सांगितले होते. सलग दोन वर्षे तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांवर लोक खेळतच राहिले. बहुसंख्य मंडळी मोठ्या शहरांबाहेरची होती, म्हणजे आपल्या पालघर-बोईसरसारख्या गावांतली. नफा मिळवला तो बड्या संस्थांनी आणि परदेशी निधींनी, तोही जवळजवळ सगळा संगणकाच्या स्वयंचलित प्रणालींनी. पाळी संपवून, डोळे चोळत, मोबाइलवर बोट ठेवणारा मुलगा एका बाजूला आणि क्षणाच्या सूक्ष्म भागात सौदा करणारे यंत्र दुसऱ्या बाजूला!

जुलै २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट या कंपनीवर निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका सेबीने अंतरिम आदेशात ठेवला आणि ४,८४३ कोटी रुपये गोठवण्यास सांगितले. कंपनीने आरोप नाकारले. निर्णय काहीही लागो, एक गोष्ट स्पष्ट झाली. न्यूयॉर्कची ती दुनिया आता पडद्यावर पाहण्यापुरती राहिलेली नाही. ती बोईसरच्या चाळीतील मुलाच्या समोरच्या बाजूला पैज लावून बसली आहे.

लोकलमधील त्या मुलाची गोष्ट अपुरी ठेवणे बरे नव्हे. गेल्या वर्षी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याचे वडील त्याला घेऊन माझ्या घरी आले. मुलाने कागदांची एक पिशवी टेबलावर ठेवली. दोन वर्षांत ४ लाखांहून अधिक रुपये गेले होते. त्यात त्याची बचत होती, एका मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले कर्ज होते आणि वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून, दुचाकीसाठी म्हणून, घेतलेले पैसे होते. वडील रागावले नव्हते, ते फक्त थकलेले दिसत होते. मी एकेक कागद लावीत गेलो. दलाली, कर, व्याज, तोटा. मुलगा खाली मान घालून बसला होता. मध्येच तो म्हणाला, "अंकल, तुम्ही त्या दिवशी गाडीत विचारलं होतं ना, पैसे कुणाचे बुडाले म्हणून..." पुढे त्याला बोलवेना.

त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आपल्या घरांत पैशाबद्दल बोलण्याची रीत काय आहे? अमक्याने विरारला दोन फ्लॅट घेतले, तमक्याची जमीन बुलेट ट्रेनमध्ये गेली आणि त्याला घसघशीत मोबदला मिळाला, हे आपण जेवताना चवीने बोलतो. कुणाचे बुडाले, कसे बुडाले, हे मात्र कुजबुजत. फसलेला माणूस लाजेने तोंड उघडत नाही आणि म्हणून पुढचा माणूस फसतो. जानेवारी २०२५ मध्ये दादर, मिरा रोड, कल्याण येथील 'टोरेस' दागिन्यांच्या दुकानांपुढे जमलेली गर्दी आठवा. आठवड्याला काही टक्के व्याज, असे आश्वासन होते. आठवड्याला! हिशेब खात्यातील कोणताही कारकून पाच मिनिटांत सांगू शकला असता की हे अशक्य आहे. पण विचारायला जावे, तर आपली हाव उघडी पडते. महामार्ग, बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर यांमुळे आपल्या जिल्ह्यात मोबदल्याचा पैसा घरोघरी येत आहे. त्याच्या मागावर अशी माणसे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

उपाय आपल्या परंपरेतच आहे. सावकाराच्या पाशातून आपल्या माणसाला सोडवण्यासाठी १९१८ मध्ये मोन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी वसईत कॅथॉलिक सहकारी पतपेढीचे बीज रोवले, त्याची आज मोठी बँक झाली आहे. त्या पिढीने जमाखर्च चारचौघांत मांडायला शिकवले. सहकार म्हणजे मुळात हेच की, माझ्या पैशाचे काय झाले, हे मी उभा राहून विचारीन. आज आपण वार्षिक सभेला भेटवस्तू घेण्यापुरते जातो. ही सवय मोडली पाहिजे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. लग्नाच्या तयारीच्या वर्गात आपण तरुण जोडप्यांना इतके काही शिकवतो, त्यात एक संध्याकाळ पैशाच्या हिशेबाला द्यावी. युवक मंडळाने वर्षातून एकदा एखादा जाणकार सनदी लेखापाल बोलवावा, आणि त्याच्या शेजारी फसलेला एक माणूस बसवावा, त्याची तयारी असेल तर. घरातील वडीलधाऱ्यांनी बँकेतील ठेवीवर ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण असते, एवढे तरी मुलांना सांगावे आणि स्वतःही लक्षात ठेवावे. आणि पुढची मालिका येईल तेव्हा, कारण ती येणारच, ती जरूर पाहावी, पण घरच्यांनी मिळून पाहावी. प्रत्येक भाग संपला की एकाने विचारावे: या भागात पैसे कुणाचे गेले?

त्या मुलाने परवा आमच्या युवक मंडळात येऊन आपल्या पिशवीतील कागद दाखवण्याचे कबूल केले आहे. त्याच्या कर्जाचे आणखी १४ हप्ते बाकी आहेत. ती सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, धर्मग्रामाच्या सभागृहात आहे. आपापल्या मुलांना घेऊन यावे.